आमची वाटचाल : वाद्यवृंदामागचा पडदा

फोंडा तालुक्यातल्या जत्रांच्या नाटकांना लाइट-साउंड पुरवणं हा आमचा मूळ धंदा. पावसाळ्यात सामान पडून राहायचं, म्हणून प्रोजेक्टर घेतला आणि लग्नसमारंभांत फोटोंचे शो लावू लागलो. मग पणजीत एका पाहुण्या वाद्यवृंदाचं काम मिळालं. ते वाजवत असताना मागच्या पडद्यावर त्यांच्या देशातले सण, शेतं, बाजार दाखवायचे होते. तेव्हापासून आम्ही मनापासून करतो ते हेच काम.

लग्नात फोटो दर पाच सेकंदांनी आपोआप बदलले तरी चालतात. इथे नाही चालत. कंडक्टर रोज त्याच लयीत वाजवून घेत नाही. तालमीत चार मिनिटांत संपलेला तुकडा प्रयोगात पंधरा सेकंद लांबतो. वादकांच्या कानात मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राची, टिकटिक सोडून सगळ्यांना घड्याळाला बांधता येतं. सिनेमासोबत वाजवताना तसं करतातही. मला ते पटत नाही. वाजवणारा माणूस जिवंत समोर बसलेला असताना चित्रानेच त्याच्या मागून यायला हवं. म्हणून आमच्याकडे सासष्टीतल्या एक व्हायोलिन शिक्षिका स्वरलिपी उघडून ऑपरेटरशेजारी बसतात. मात्रागटांच्या आकड्यांवर पेन्सिलीच्या खुणा असतात. बाई आधी ‘तयार’ म्हणतात, मग ‘सोड’. चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन शिकवणाऱ्या गोव्यात अशी जाणकार माणसं मिळतात, हे आमचं भाग्य.

बाकीचं बरंचसं काम उजेडाशी झगडण्याचं. वादकांच्या स्टँडवरचे दिवे पडद्यावर सांडले की फोटोतला काळा रंग राखाडी होतो, म्हणून दिवे झाकून, मंद करून घेतो. प्रोजेक्टर काचेमागे ठेवतो, नाहीतर हळुवार जागी त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येते. आणि फोटो कापत नाही. कॅमेऱ्याचा ३:२ फोटो १६:९ पडद्याच्या रुंदीभर मोठा केला तर उंचीचा जवळजवळ सहावा हिस्सा कापला जातो. कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात त्या घोडेमोडणीतल्या वीराची उगारलेली तलवारच नाहीशी होते. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत.

आता गोव्याचाच कार्यक्रम बांधतो आहोत. पहिली आणि दुसरी व्हायोलिनं एकमेकींना उत्तर देतात, तिथे पडद्यावर धालो या बायकांच्या नाचातल्या, मांडावर (गावच्या नाचाच्या पवित्र जागेवर) समोरासमोर उभ्या दोन रांगा येतात. घुमट या मातीच्या तालवाद्याला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. ते मात्र फोटोत नाही, रंगमंचावरच वाजेल. त्या वेळी पडदा पूर्ण काळा ठेवायचा, असं मी ठरवलंय. मातीच्या त्या भांड्यावर हात कसा पडतो, तेच लोकांनी पाहावं.

धालो, शिगमो, काला यांचे जुने कौटुंबिक फोटो कुणाकडे असतील तर आम्हाला हवे आहेत. तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर स्कॅन करू. मूळ प्रत तुमच्याकडेच राहील आणि छायाचित्रकाराचं नाव पडद्यावर येईल.