एक ग्रॅम कोल्चिसिन आणि खरेदी विभाग

बिनबियांच्या कलिंगडासाठी आधी चतुर्गुणित झाड लागतं. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रं असतात, ती ४४ करायची. मग ४४ आणि २२ च्या संकरातून ३३ चं बियाणं मिळतं आणि त्याच्या फळात बी भरत नाही. एम.एस्सी.ला माझ्याकडे पहिली पायरी होती. त्यासाठी कोल्चिसिन हे रसायन हवं. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढणारे तंतू ते तयारच होऊ देत नाही, म्हणून दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत राहतात.

हवं होतं फक्त एक ग्रॅम. इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणीअर्ज दिला, कोटेशनं जोडली. 'विषारी आहे, सुरक्षेचं पत्र जोडा' म्हणून फाईल परत. पत्र जोडलं, तर कोटेशनची मुदत संपलेली. एका टेबलावर ऐकलं, "हे गाऊटचं औषध ना? मेडिकलमधून आणा!" गोळी आणि प्रयोगशाळेतलं शुद्ध रसायन यातला फरक मी तिथे उभ्या उभ्या समजावला. उत्तर एकच, "उद्या या."

इकडे प्रोट्रेमधली (रोपं वाढवायच्या खाचांच्या ट्रेमधली) रोपं कुणासाठी थांबणार? दोन दलं उघडली की मधे इवलासा हिरवा शेंडा दिसतो, कोल्चिसिनचा थेंब तेव्हाच द्यायचा. पानं फुटल्यावर दुप्पट होण्याची शक्यता घटते. एक लॉट डोळ्यांदेखत वाया गेला, मग दुसराही. अजून आठवलं की संताप होतो. शेवटी विभागप्रमुखांनी टिपणीवर पहिल्याच ओळीत पेरणीची तारीख आणि 'उशीर झाल्यास हंगाम वाया' असं लिहिलं, तेव्हा सही झाली. ती ओळ पहिल्या दिवशीच लिहून घ्या. उन्हाळी कलिंगडाचा इंडेंट तर दिवाळीआधीच टाका.

बाटली आल्यावर ०.२ टक्के द्रावण, सकाळ-संध्याकाळ शेंड्यावर थेंब. हातमोजे हवेतच, आपल्या कळलावीच्या कंदातलं विष हेच. उजेडाने ते बिघडतं, बाटलीला फॉइल गुंडाळा. बरीच रोपं मरतात, उरलेली थबकतात, मग जाड, चुरगळलेली पानं येतात.

तपासायला त्याच झाडाचं मूळ घेऊ नका, थेंब तिथे पोचलेलाच नसतो, २२ च दिसतील. पानाला नेलपॉलिश लावून पर्णरंध्रांचा ठसा घ्या, पण तो फक्त बाहेरच्या थराचं सांगतो. नरफुलाचे परागकण मोठे दिसले तर आशा धरा. खात्री मात्र पुढच्या पिढीच्या मुळांच्या टोकांवरच होते. तिथे ४४ मोजले, तेव्हा मी सरांना हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी आणलं.