गाडी लागणे

मे महिन्यात कराडहून चिपळूणला आजोळी जायचं म्हणजे आई आदल्या रात्री दोन पिशव्या भरायची. मोठी सगळ्यांची, छोटी माझी. छोटीत आवळासुपारी, आलेपाक, एक लिंबू, ओला नॅपकिन आणि चार-पाच प्लास्टिकच्या पिशव्या, त्याही फुंकून, भोक नाही ना ते बघून घेतलेल्या. पाटण मागे पडलं की घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागायचे. कुंभार्ली घाट सुरू झाला की मी त्यांना निराश करायचे नाही.

एकदा पोफळीला एसटी टेकल्यावर, पोटात काही उरलेलं नसताना, मी बाबांना विचारलं होतं, ‘‘ड्रायव्हरकाकांना कशी हो गाडी लागत नाही?’’

बाबा म्हणाले, ‘‘त्यांना वेळ कुठंय?’’

मराठीत भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशीच गाडी लागते. आजीच्या पिढीला मुंबईहून कोकणात जाताना बोट लागायची. दोष माणसाचा की वाहनाचा, हे हा शब्द ठरवतच नाही, आणि ते मला फार बरं वाटतं. नवऱ्याचं मत वेगळं. गाडी लागणं हा त्याच्या लेखी स्वभावदोष आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पुणे-कोल्हापूर आम्ही किती वेळा केलं त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी गाडी यानेच चालवली आहे. ‘‘मला आयुष्यात कधी गाडी लागली नाही,’’ हे वाक्य तो खंबाटकीच्या आसपास हमखास ऐकवतो.

तर हा माणूस या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, लेकीकडे आलेला असताना, ड्रायव्हर नसलेल्या गाडीत बसला.

वेमो नावाच्या कंपनीच्या या टॅक्सी आता तिथे नवलाच्या राहिलेल्या नाहीत. २०२० मध्ये त्या फिनिक्सच्या बाजूला सर्वसामान्यांसाठी माणसाविना धावू लागल्या, आणि सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ पासून कुणीही अ‍ॅपवरून बोलावू शकतं. पांढरी जॅग्वार येऊन उभी राहते, टपावरच्या घुमटावर आपली आद्याक्षरं उजळतात, आत बसून पट्टा लावला आणि पडद्यावरचं बटण दाबलं की स्टिअरिंग आपलं आपण फिरायला लागतं. पहिल्या दिवशी तिघंही त्या चाकाकडे बघत बसलो होतो. नवरा परीक्षकाच्या सुरात म्हणत होता, ‘‘इंडिकेटर दिला बरं का. थांबली बघ, त्या बाईंसाठी थांबली.’’ पुण्यात इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला कुणी झेब्रा क्रॉसिंगवर थांबलं की भरून येतं.

तिसऱ्या दिवशी नवल संपलं. मग त्याने लॅपटॉप काढला.

रविवारची संध्याकाळ होती, साडेसात. म्हणजे पुण्यात सोमवारची सकाळ, आठ वाजलेले, आणि साडेआठला त्याची आठवड्याची मीटिंग. आम्ही गोल्डन गेट पार्कजवळून मरीनाकडे निघालो होतो. ‘‘हाच तर फायदा,’’ तो म्हणाला, ‘‘चालवायची कटकट नाही, तेवढ्यात शीट बघून होते.’’ जाहिरातींत हेच तर असतं: मऊ सीट, मांडीवर लॅपटॉप, चेहऱ्यावर समाधान. खरं तर हिंजवडीच्या कॅबमध्ये मागे बसणाऱ्या पोरांना हे कधीचं माहीत आहे. गाडी माणूस चालवतोय की यंत्र, याने मागच्या सीटवर काही फरक पडत नाही. फरक साहेबाला पडतो. पूर्वी ‘गाडी चालवतोय, पोचलो की बोलतो’ ही एक सन्माननीय सबब होती. ड्रायव्हर गेला की तीही जाणार. गाडीत बसलेलाच आहेस, मग घे कॉल.

कामाचं राहू दे, पण पोटाचं काय, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार तीन नळ्या असतात, त्यांतला द्रव डोकं वळलं की हलतो आणि मेंदूला कळवतो की आपण वळतोय. डोळे लॅपटॉपवर असले तर ते सांगतात, छे, आपण जागेवरच आहोत. या भांडणाचा निकाल पोटात लागतो. ज्यांचं आतल्या कानाचं हे यंत्रच निकामी झालेलं असतं, त्यांना गाडी लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणे संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांना एक. बोटीचा असतो तो. खडबडीत रस्त्यावरच्या दणक्यांनी कंबर जाते, पण उलटी होतेच असं नाही.

ड्रायव्हर मात्र सुटतो, कारण वळण यायच्या आधी ते त्याच्या डोक्यात येऊन गेलेलं असतं. चाक तोच फिरवणार, ब्रेक तोच दाबणार, त्यामुळे कानाकडून येणारी बातमी त्याला शिळी असते. बाबांचं उत्तर तसं बरोबरच होतं. ड्रायव्हर रस्त्यात गुंतलेला असतो, त्याला लागायला वेळ नसतो. आता यंत्राने त्याचा सगळा वेळ त्याला परत देऊन टाकला.

डिव्हिसाडेरो नावाचा रस्ता पॅसिफिक हाइट्सवरून मरीनाकडे उतरतो. उतरतो म्हणजे कोसळतोच. समोर अख्खी खाडी दिसते. दर चौकाला गाडी हळू होते, थांबते, सपाटीवरून पुढे जाते, पुन्हा नाक खाली करते. आमची गाडी हे सगळं अगदी शिस्तीत करत होती. तिला नाव ठेवायला जागा नव्हती. मी खाडी बघत होते. शेजारी कीबोर्डवरची टकटक थांबली.

मी वळून बघितलं. नवऱ्याने जांभई दिली. मग दुसरी. कपाळावर बारीक घाम, ओठ मिटलेले, आणि तो आवंढे गिळत होता. या परीक्षेचा पेपर मी लहानपणी इतक्या वेळा दिलाय की लांबूनही ओळखू येतो.

‘‘लॅपटॉप मिट,’’ मी म्हणाले.

‘‘काही नाही झालेलं.’’

‘‘मिट. समोर बघ, लांब. ते पाणी दिसतंय ना, त्याच्या पलीकडच्या डोंगराकडे.’’

‘‘बाबा, फोनवर ते ठिपके चालू करून देऊ का?’’ लेक पुढच्या सीटवरून म्हणाली. आयफोनवर २०२४ पासून तशी सोय आहे: पडद्याच्या कडेला काळे ठिपके, गाडी वळेल तसे सरकणारे, म्हणजे डोळ्यांनाही कळावं की आपण हलतोय. बाबांना या घडीला ठिपक्यांत रस नव्हता.

मी पर्समधून आवळासुपारी काढली. हो, अजून असते. पासपोर्टशेजारच्या कप्प्यात.

एसटीत अशा वेळी ‘‘अहो, जरा थांबवा’’ म्हटलं की अख्खी गाडी एका सुरात कंडक्टरला हाक मारायची. इथे हाक कुणाला मारणार? नवऱ्याने सवयीने रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे हात केलाही. लेकीने पडद्यावरचं बाजूला घेण्याचं बटण दाबलं. गाडीने इंडिकेटर दिला, जागा शोधली आणि अदबीने कडेला उभी राहिली. तिला चेहरा नव्हता, त्यामुळे तिने तो वाकडाही केला नाही. आमच्या वेळचे काही कंडक्टर आठवले.

खाली उतरून तो एका भिंतीला टेकून उभा राहिला. खाडीवरून गार वारा येत होता. वेळ निभावली, प्लास्टिकची पिशवी लागली नाही. साडेआठची मीटिंग त्याने तिथेच, फूटपाथवर उभ्या उभ्या, कॅमेरा बंद ठेवून केली. मी त्या अर्ध्या तासात ‘‘मला आयुष्यात कधी’’ असं काहीही म्हणाले नाही. खंबाटकीला म्हणेन.

परतीच्या वेळी पुन्हा तशीच पांढरी गाडी आली. मी मागचं दार उघडलं, लेक माझ्याशेजारी बसली. तो आमच्यापैकी कुणाला काही न विचारता पुढे जाऊन बसला. अमेरिकेत पुढची उजवीकडची सीट म्हणजे आपल्याकडची ड्रायव्हरची. लॅपटॉप पाठपिशवीत, पाठपिशवी माझ्या मांडीवर. तो ताठ बसला होता, नजर रस्त्यावर.

गाडी चौकाकडे आली. ती हळू होण्याच्या जरासं आधी, मी मागून बघितलं, त्याचा उजवा पाय खालची मॅट दाबत होता.