सात वर्षांची ताई, चार महिन्यांचा भाऊ

नौपाड्यातल्या माझ्या ऑडिओलॉजी क्लिनिकमध्ये लोकमान्यनगरहून एक कुटुंब आलं. आई, बाबा, आजी, सात वर्षांची मुलगी आणि कडेवर चार महिन्यांचा भाऊ. ऑपरेशन केलं की पोरगी बोलेल, असं कुणीतरी सांगितलेलं. तिचा बेरा रिपोर्ट पाहिला, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात त्या तपासणीचा. दोन्ही कानांनी ऐकणं जन्मापासून जवळजवळ शून्य. "तिचा काका पण उशिराच बोलला होता ओ मॅडम," आजी म्हणाल्या. याच भरवशावर वर्षं गेली.

ते ऑपरेशन म्हणजे कॉक्लियर इम्प्लांट, कानाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र. ते साधारण साडेतीन वर्षांच्या आत बसलं, तर मेंदूचा ऐकण्याचा भाग आवाजाला लवकर सरावतो. सातनंतर आवाज पोचतो, पण त्यातून बोलणं उमगणं फार कठीण जातं. हे सांगणं मला नवीन नाही.

मी हादरले ते वेगळ्याच गोष्टीने. मुलगी चुणचुणीत. आजीसाठी नाकाला बोट, म्हणजे नथ. बाबांसाठी डोक्यावर हेल्मेट. पाणी, भूक, शू, सगळं खुणांनी. पण चित्रं मांडून "काल काय केलंस?" हे विचारायचा मी खूप प्रयत्न केला, तिला प्रश्नच कळेना. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल घरात तिच्याशी कुणी कधी काही बोललंच नव्हतं. लहानपणची ती मुदत नुसत्या ऐकण्याची नसते, भाषेची असते, मग भाषा कानाने येवो की डोळ्याने. निकाराग्वात 1970 च्या दशकाअखेरीस बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या, तेव्हा तिथल्या मुलांनी आपसांत अख्खी खुणांची भाषा घडवली. व्याकरण पक्कं केलं ते लहान वयात आलेल्यांनी.

"हातवारे शिकवले तर बोलायचा आळस करेल," आजी म्हणाल्या. हा समज मला सगळ्यात छळतो. आमच्या धंद्यातलेही काही जण तो पसरवतात.

तेवढ्यात बाळ दूध पिऊन झोपलं. मी त्याची ओएई केली, म्हणजे आतल्या कानाची झटपट चाचणी. दोन्ही कान नापास. झोपेतच बेराही उरकली. 90 डेसिबलच्या मोठ्या आवाजालाही प्रतिसादाची लहर नाही. आई रडायला लागली. तिला म्हटलं, नियम असा आहे की तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू. निदानाला महिनाभर उशीर झालाय, उपचाराला नाही. आधी श्रवणयंत्र, मग इम्प्लांटचं बघू, आणि खुणांची भाषा आजपासून, दोघांनाही.

बाबांनी विचारलं, "मुलांना कुठे पाठवायचं शिकायला?"

"मुलांना नंतर. आधी तुम्ही तिघं बसा," मी म्हटलं.