मानशीच्या आतला तांदूळ

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी दिवाडीला गेले. जुन्या गोव्यात व्हॉइसरॉयच्या कमानीखालून सरळ उतरलं की रस्ता मांडवीपाशी संपतो. तिथून फेरीबोट. बेटाला पूल नाही. पायी माणसाला फेरीचं भाडं पडत नाही. सकाळच्या फेरीत दुचाक्या, पावाची टोपली घेतलेला पोदेर, शाळेच्या दोन शिक्षिका आणि पाठीवर कागदांची पिशवी घेतलेली मी.

माझं काम सेंद्रिय शेतीच्या तपासणीचं. पीजीएस नावाची पद्धत आहे. त्यात किमान 5 शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांच्या शेतांची तपासणी करून एकमेकांची हमी देतात. रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात त्यांना 'पीजीएस-ग्रीन' मिळतं, पुढे 'पीजीएस-ऑरगॅनिक'. गटाने लिहिलेलं आणि शेतात दिसतं ते जुळतंय का, हे वरच्या परिषदेतर्फे अधूनमधून जाऊन पाहणारी मी. दिवाडीच्या गटाचा तांदूळ ग्रीनमधून ऑरगॅनिकमध्ये जायचा होता. गटाचा माल गावातल्या एका छोट्या दुकानातून विकला जातो, म्हणून सुरुवात दुकानापासून.

दुकान म्हणजे जुन्या घराची पुढची खोली. नळ्यांचं छप्पर, दाराशी माडाच्या हिरांच्या झाडण्या टांगलेल्या. आत लाकडी फळीवर आळसांदे, कुळीथ, सोलं, खोल्याची मिरची, माडाच्या गुळाच्या ढेपा, बाटल्यांत माडाच्या सुरेचं व्हिनेगर. आणि जमिनीवर झाकण लावलेली दोन पिंपं. एकाला हिरवी चिंधी बांधलेली, दुसऱ्याला काहीच नाही.

"यो गे बाय, बस," दुकानवाली आंटी म्हणाली. साठी ओलांडलेली बाई, अंगात फुलाफुलांचा झगा, चष्म्याला दोरी. तिने हिरव्या चिंधीचं पिंप उघडलं. उकड्या तांदळाचा तो वास! आमच्याकडे आजी तांब्याच्या भाणात भात उकडायची, तेव्हा सगळ्या वाडीला कळायचं. मी मूठ भरून घेतली. तांबूस, जाड, आखूड दाणा. कोरगूट.

मी मूळची अलिबागच्या खारेपाटातली. खाडीच्या पाण्यापासून जमीन राखायची म्हणजे काय, ते घरातच पाहिलेलं. आमच्याकडे रता नावाचं भात होतं, खाऱ्या जमिनीत तग धरणारं. गोव्यात त्याच्या जागी कोरगूट. लोंबीला लांब कुसळं, मुळांना खाराची सवय. फेरीच्या अलीकडे एलाला केंद्र सरकारची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे. तिने 'गोवा धान'चे पहिले वाण याच कोरगुटातून निवडून काढले. गटाने मात्र घरचंच बी धरून ठेवलेलं. बियाण्याच्या रकान्यात मी आनंदाने बरोबरची खूण केली.

"आणि हे दुसरं पिंप?"

"तें वेगळें," आंटी म्हणाली. तो तांदूळ गटाबाहेरच्यांचा. कुणी युरिया टाकलेला, कुणी काय. गिऱ्हाईकाला ती तसं सांगूनच देते, भावही कमी लावते. मी न विचारता पुढे म्हणाली, "तुला एक सांगायचंय. पण आधी चहा घे."

तो चहा झालाच नाही. रस्त्यावरून मोटारसायकलवर एक पोरगा ओरडत गेला, "मानशीकडेन उदक येता!"

आंटीने पिंपाचं झाकण लावलं, दाराला कडी घातली आणि झगा खोचून चालायला लागली. मी पिशवी तिच्या ओट्यावर टाकली आणि मागे गेले.

खाजन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ही शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. नदी आणि शेत यांच्या मध्ये माती-चिऱ्यांचा बांध, बांधाबाहेर लाटा अडवायला कांदळवन, आणि बांधात एका जागी मानस, म्हणजे लाकडी दारं. आमच्याकडे हिला उघाडी म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने दारं आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी जोर करतं, तेव्हा उघडतात. ना मोटर, ना वीज. पावसाने जमिनीतला खार धुतला की भात लावायचं. कापणी झाली की मानशीतून खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी येते. ते पाणी तण मारतं, जमिनीला कस देऊन जातं. मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो आणि त्या पैशातून बांध राखायचा. शेकडो वर्षं हे असंच चालत आलंय.

आता श्रावण होता. भात गुडघ्याएवढं, हिरवंगार. पाणी चुकून आत शिरलं तर सगळं हातचं गेलं.

मानशीच्या डाव्या कुशीला कुर्ल्यांनी बीळ पोखरलेलं. आतल्या अंगाला मनगटाएवढी धार लागली होती. पौर्णिमेचं उधाण, पाणी अकरापर्यंत चढत राहणार, आणि तेव्हा सव्वानऊ झालेले. एक म्हातारा वाकून त्या धारेखाली ओंजळ धरून उभा होता. ओंजळीत तळाशी गाळ बसत होता. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. माझे आजोबा सांगायचे, झिरप निवळ असेल तर रात्रभर झोप, गढूळ असेल तर उठ. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती आतून वाहून चाललीय.

कुणी हुकूम दिला नाही. दोघं बाहेरच्या अंगाला पाण्यात उतरले, बिळाचं तोंड पायाने चाचपत. बाकीच्यांची रांग लागली. चिखलाचा गोळा, त्यात पेंढा, तो मळून पुढच्याच्या हातात. मीही रांगेत घुसले. ओल्या चिखलाचा गोळा किती जड असतो ते हात विसरले होते. पंधरा-वीस मिनिटांत खांदे भरून आले. बाहेर छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला एक जण श्वास रोखून बुडी मारायचा, गोळा बिळात दाबायचा, वर यायचा, पुन्हा बुडी. मग चिरे आले, गोणी आल्या. साडेदहाला धार करंगळीएवढी झाली. अकराला नुसती ओल. म्हाताऱ्याने पुन्हा ओंजळ धरली, थेंब गोळा केले आणि मला दाखवले. निवळ होते.

परतताना आंटीने तो बुडी मारणारा माणूस दाखवला. "तुला सांगायचं होतं ते त्याचंच."

तो गटात नाही. त्याचं शेत मात्र त्याच मानशीच्या आत, गटातल्या तिघांच्या वरच्या अंगाला. यंदा बायको आजारी, मजूर मिळेना, तण माजलं, तेव्हा त्याने तणनाशक फवारलं. दोन दिवसांनी मोठा पाऊस पडला. शेतांचं सगळं पाणी पोंयीत, म्हणजे मानशीमागच्या तळ्यात उतरतं आणि पोंय भरली की खालच्या शेतांत पसरतं. गटाच्या वहीत याची नोंद नव्हती, कारण वहीत फक्त गटातल्यांची शेतं होती.

"मी सांगितलं नसतं तर तुला कळलं नसतं," आंटी म्हणाली. तिने ते मोठेपणा म्हणून सांगितलं नाही, नुसतं खरं होतं म्हणून सांगितलं.

माझ्या फॉर्मवर प्रश्न असतो : शेजारच्या रासायनिक शेतापासून किती अंतर राखलंय? कोरडवाहू माळावर हा प्रश्न बरोबर आहे. तिथे मधे पट्टा सोडता येतो, ताग लावता येतो. खाजनात पाणी एक, दार एक. दोन शेतांमध्ये वीतभर मेर. पट्टा सोडणार कुठे? मी त्या ओट्यावर चिखलाच्या हातांनी कितीतरी वेळ बसले. या लोकांनी आत्ता डोळ्यांदेखत काय केलं ते पाहिलं होतं, आणि माझं पेन मात्र 'नाही' लिहिणार होतं.

लिहिलं. यंदाचं पीक ऑरगॅनिक धरता येणार नाही, गट ग्रीनवरच राहावा, अशी शिफारस केली. दुसरं काही लिहिणं म्हणजे आंटीच्या खरेपणाचा अपमान झाला असता. पण शेऱ्याच्या जागेत न मावल्याने मागच्या कोऱ्या पानावर आणखी लिहिलं. खाजनातला गट माणसं मोजून करू नये, एका मानशीच्या आतली सगळी शेतं मिळून एक गट धरावा. फवारणी करणाऱ्यालाही आत घ्यावं, आणि त्याच्या घरी मजूर नसेल तेव्हा बेणणीला, म्हणजे तण काढायला गटाने जावं. बांध फुटतो तेव्हा जातातच ना! हे मी आजही प्रत्येक बैठकीत मांडते. आमच्या खारेपाटात गावाने एकत्र बांध राखायची जोळ होती. ती मोडली, मग बांधांना खांडी पडल्या, आणि माझ्या आजोबांच्या शेतात आज कांदळवन उभं आहे. त्यामुळे हे मांडताना माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

आंटीला निकाल सांगितला. तिने चष्मा पुसला. "जें खरें तें बरय," म्हणाली. मग आतून चहा आणला, सकाळचा राहिलेला.

तिचा पुढचा प्रश्न साधा होता. पिशवीवर आता काय लिहायचं? पणजीतलं एक दुकान सगळा तांदूळ घ्यायला तयार होतं, अट एकच, 'ऑरगॅनिक' छापलेलं हवं. मी नियम सांगितला. छोटा शेतकरी आपलं पीक स्वतः थेट खाणाऱ्याला विकतो तेव्हा त्याला सेंद्रियच्या दाखल्यातून सूट आहे, 'जैविक भारत' हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह तेवढं लावता येत नाही. पण दुकानात दुकानदाराने विकायचं म्हणजे दाखला हवा. तो नाही, म्हणून तो शब्दही नाही.

तिने थोडा विचार केला. कोनाड्यातून पोराचा जाड मार्कर काढला. मी दोन किलो तांदूळ मागितला होता, पैसे देऊन. तपासणीला गेल्यावर भेट घ्यायची नाही हा माझा दंडक. कागदी पिशवी गुडघ्यावर ठेवून तिने सावकाश अक्षरं काढली. कोरगूट. दिवाडी. खाली मानशीचं नाव. त्याच्या खाली, फवारलं ती तारीख.

"ही तारीख यंदाच्या पिकाची," मी म्हटलं. "पिंपातला तांदूळ तर गेल्या वर्षीचा, तो चोख आहे."

"खरेंच," म्हणत तिने ती ओळ खोडली आणि मार्कर टोपण लावून पुन्हा कोनाड्यात ठेवला. "ऑक्टोबरात लागतलो."

येताना नारव्याच्या फेरीने पलीकडे उतरून सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचं ठरवलं होतं. देव मूळचा याच बेटावरचा, आणि पलीकडचं देऊळ 1668 साली शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेलं. पण कपडे कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, म्हणून आले त्याच वाटेने परतले. फेरीवर पोदेर रिकामी टोपली घेऊन भेटला. माझ्या हातांकडे पाहून त्याने एवढंच विचारलं, "रावलें मगो उदक?"

थांबलं, म्हटलं.