गोगलगायींची मोजणी: ३७० चा घोळ अखेर सापडला

एकूण गोगलगायी किती, याचा मागच्या वेळी लिहिलेला ३७० हा अंदाज कृपया खोडून टाका. ४८ गोगलगायींना खूण केली होती, आठवड्याने ५२ पकडल्या, त्यांत खुणेच्या फक्त ६. चॅपमनच्या सूत्राने (खुणेच्या किती पुन्हा सापडल्या यावरून एकूण संख्येचा अंदाज; तिन्ही आकड्यांत आधी एक मिळवायचा) ४९ गुणिले ५३, भागिले ७, वजा १. हिशोब बरोबरच होता, पण प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो तो आकडा, ११३ निघाली तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

त्यानंतर एका रात्री टॉर्चच्या उजेडात एक बिनखुणेची गोगलगाय हातात फिरवून बघत होते, तर वेटोळ्यांमधल्या खाचेत पांढऱ्या नेलपॉलिशचा तिळाएवढा टवका! म्हणजे ही आधी पकडलेलीच. पॉलिशचा पापुद्रा अख्खा निघून येतो, शंख ओला असेल तर हमखास. आणि खुणेच्या जितक्या कमी सापडतील तितका अंदाज फुगतो.

म्हणून या फेरीत शंख पुसून, पूर्ण वाळू देऊन प्रत्येकीला दोन ठिपके दिले: एक लाल नेलपॉलिशचा, एक पिवळ्या पेंट मार्करचा. अशा ५० सोडल्या. आठवड्याने ४४ सापडल्या. दोन्ही ठिपके शाबूत असलेल्या ९, नुसता पिवळा ५, नुसता लाल १. म्हणजे लाल ठिपका असलेल्या दहातल्या नऊंवर मार्कर टिकला, पण पिवळा असलेल्या चौदातल्या नऊंवरच पॉलिश. मोजणीसाठी पॉलिश मी आता वापरणार नाही.

पण खरा आनंद पुढेच आहे. दोन्ही ठिपके गळालेल्या किती, हे कसं कळणार? पिवळ्या १४, लाल १०, दोन्ही असलेल्या ९. १४ गुणिले १०, भागिले ९, म्हणजे १५.६. अहो, हे तर आपलं लिंकन-पीटरसनच (दोन पकडींचा गुणाकार, भागिले दोन्हींत सापडलेल्या; चॅपमनचं सूत्र त्याचंच सुधारलेलं रूप)! एक रंग म्हणजे पहिली पकड, दुसरा म्हणजे दुसरी. दिसल्या १५, असणार १५.६. तो आकडा चॅपमनमध्ये घातला की एकूण गोगलगायी सुमारे १३८. नुसते १५ धरले तरी १४२, आणि प्रमाणत्रुटी २३ वर आली. पुन्हा सापडणाऱ्या वाढल्या की केवढा फरक पडतो!

पुढच्या फेरीत क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावायच्या असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच एक शंका आली. एक ठिपका गळण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं मी गृहीत धरलंय. गोगलगाय मातीत शिरली तर दोन्ही एकदमच घासले जातील की! मग १५.६ हाही कमीच, आणि १३८ अजून फुगलेला. तेव्हा चिकटपट्ट्या राहू देत. आधी दोन ठिपक्यांच्या दहा गोगलगायी ओल्या मातीच्या डब्यात आठवडाभर ठेवते, रोज सकाळी कोणाचा कुठला ठिपका गेला ते टिपते. डब्याच्या झाकणाला भोकं पाडून झाली आहेत, माती आज रात्री भरते.