बुटीबोरीच्या थांब्यावरचा सर्व्हे

त्या दिवशी माझी ड्युटी नागपूरबाहेरच्या बुटीबोरी एमआयडीसीच्या थांब्यावर होती. प्रवासी सर्वेक्षणाचं काम. टॅबवरचा प्रश्न वाचायचा, उत्तरावर बोट ठेवायचं. मुख्य प्रश्न असा, नागपूर मेट्रो इथवर आली की वापराल का? शिफ्ट सुटलेली, प्रत्येकाला घाई. जो तो 'हो' म्हणून मोकळा होत होता. नुसतं 'हो' म्हणायला काय जातं?

कंपनीच्या गणवेशातला एक जण मात्र थांबला. राहायला शहरात, सक्करदऱ्याला. "कंपनीची बस मले चौकातून उचलते अन् गेटावर सोडते, भाऊ. मेट्रोसाठी आधी ऑटो करून अजनी स्टेशनले जाऊ काय?"

मी 'नाही' नोंदवत होतो, तेवढ्यात बाजूची बाई बोलली. ती बुटीबोरीचीच, मेडिकल चौकाजवळच्या एका दवाखान्यात रात्रपाळीला निघालेली. "वर्धा रोडनं त पटकन जाणं होते जी. पुढं अजनीहून मेडिकलपर्यंत ऑटोवाला मागते तेवढे द्या लागतात."

एक शहरातून बाहेर येणारा, दुसरी बाहेरून शहरात जाणारी, आणि अडचण दोघांचीही एकाच पट्ट्यात. मेडिकल, सक्करदरा, मानेवाडा. वस्ती ही एवढी दाट, पण मेट्रोची नारिंगी मार्गिका वर्धा रोडनं जाते, अ‍ॅक्वा सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूनं. मधला भाग कोरडाच.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी रुपये. बुटीबोरी, कन्हान, हिंगणा, कापसी, चारही टोकं शहराबाहेर. कारण उघड आहे. रुंद महामार्गावर खांब उभे राहतात. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्लीत कुठे रोवणार? आणि भुयाराचा खर्च कितीतरी पट. बुटीबोरीला मेट्रो नको, असं मी म्हणणार नाही. पण गाड्या भरायच्या असतील तर अजनीहून सक्करदऱ्याकडे सतत धावणाऱ्या छोट्या बस आधी हव्यात. आतल्या मार्गिकेची वाट पाहायची गरज नाही, आणि त्याला हजारो कोटीही लागत नाहीत.

टॅबमध्ये 'उतरल्यावर पुढे कसे जाता?' हा प्रश्नच नव्हता. मी दोघांचंही म्हणणं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, शेरे मोजणीत धरत नाहीत, वेळ घालवू नको. दुसऱ्या दिवशी हिंगणा नाक्यावर मी तरीही ते विचारलंच.