ब्रेकच्या कामापासून ट्रॅक डेच्या तयारीपर्यंत : आमची वाटचाल

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं गॅरेज मुळात ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामाचं. पुणे, हैदराबाद, विजापूर हे रस्ते चौपदरी झाले, गाड्या तासन् तास वेगात धावू लागल्या आणि हे काम वाढत गेलं. त्याच गिऱ्हाइकांपैकी काही हौशी चालक आपली पोलो, स्विफ्ट घेऊन ट्रॅक डेला, म्हणजे आयोजकाला पैसे भरून शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवसाला, जाऊ लागले. त्यांच्या गाड्या तयार करणं हा धंद्याचा वेगळा भाग झाला. आता गाडीसोबत आयोजक निवडायलाही आम्ही मदत करतो. आयोजकाकडून कमिशन घेत नाही. घेतलं तर त्या सल्ल्याला किंमत उरणार नाही.

सोलापूरकराला ही निवड जास्त काळजीने करावी लागते. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा, दोन्ही इथून हजार किलोमीटरच्या आसपास. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट त्याहून लांब. गाडी ट्रेलरवर नेणारे थोडेच. बाकीच्यांना ज्या ब्रेकवर आणि टायरवर ट्रॅकवर चालवायचं, त्यांच्यावरच घरी परतायचं असतं.

आयोजकाचं शुल्क पाहताना आम्ही मिनिटांचा हिशेब करतो. समजा, एकाचे १२ हजार आणि दिवसात १५ मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे ४५ मिनिटं. मिनिटाला २६७ रुपये. दुसऱ्याचे १५ हजार, पण अशा पाच फेऱ्या. मिनिटाला २०० रुपये. महाग दिसणारा इथे स्वस्त निघतो. लाल झेंडा लागून फेरी थांबली तर गेलेला वेळ भरून देणार का, हेही विचारावं. पावसाने दिवस रद्द झाला तर पैसे परत की पुढची तारीख, हे लेखी घ्यावं. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, त्यामुळे त्या महिन्यांसाठी ही अट सगळ्यात आधी वाचावी.

पण पैशाआधीचा प्रश्न अॅम्ब्युलन्सचा. ती आहे का, एवढं विचारून भागत नाही. जखमीला घेऊन ती गेली, तर मागे दुसरी आहे का? नसेल तर ती परत येईपर्यंत ट्रॅक बंद ठेवणार का? सोबत डॉक्टर आहे का, आणि कोणत्या रुग्णालयाशी बोलून ठेवलंय? चांगला आयोजक ही उत्तरं फोनवर सहज देतो. ‘काही होत नाही हो’ असं ऐकू आलं, तर आम्ही तिथे गाडी पाठवायला सांगत नाही.

एका वेळी किती गाड्या सोडणार, हे त्यानंतर. साध्या रस्त्याच्या गाड्या आणि नवखे चालक असतील, तर २५० मीटरला एक गाडी हे आमचं माप, म्हणजे ३.७ किलोमीटरवर पंधरा, करीवर आठ. नवख्यांचा गट वेगळा हवा. मोटरसायकली आणि मोटारी एकत्र सोडत असतील, तर तो आयोजक बादच. ओव्हरटेक फक्त सरळ भागात आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच, हा नियम असावा. तो मोडणाऱ्याला काळा झेंडा दाखवून आत बोलावणारा मार्शलही हवा. सकाळच्या सूचनांना न बसणाऱ्याला गाडी काढू देत असतील, तर बाकीचे नियमही कागदावरच राहतात. नवख्यांच्या गटात ट्रॅकचा एक चक्कर सर्वात कमी वेळात मारणाऱ्याला बक्षीस ठेवणं आम्हाला अजिबात पटत नाही. माणूस शिकायचं सोडून घड्याळामागे लागतो, आणि उशिरा ब्रेक मारायला तिथूनच सुरुवात होते.

विम्याचं मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली, तर खर्च स्वतःचा धरूनच जावं. ट्रॅकच्या कठड्याच्या नुकसानीची भरपाई चालकाकडून घेतात का, हे सही करण्याआधी हमीपत्रात बघावं.

गाडीच्या तयारीत पहिलं काम ब्रेक ऑइलचं. ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस; ओलावा मुरल्यावर मानकानुसार तो १५५ पर्यंत उतरलेला धरतात. ट्रॅकवर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तापला की आत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून जाण्याआधी सगळं ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढायची, लिटरभर पुरतं. जास्त उष्णता हवी असेल तर डॉट ५.१ चालतं, पण डॉट ५ नको. ते सिलिकॉनचं असतं, आधीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. ब्रेक पॅडची जाडी किमान ६ मिलिमीटर हवी, आणि एक नवा जोड डिकीत. चाकाचे नट-बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पोलोला १२० न्यूटन मीटर. पहिल्या फेरीनंतर चाकं थंड झाली की पुन्हा तपासायचे. टायर तापले की हवा ६ ते ८ पीएसआय चढते, तेव्हा गरम टायरवर मोजून जास्तीची काढायची आणि घरी निघण्याआधी थंड टायरमध्ये पुन्हा भरायची. मॅट, स्टेपनी, जॅक, बाटल्या सगळं बाहेर. टोइंग हूक लावून ठेवायचा. अंगात सुती कपडे. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं.

फेरीचा शेवट हळू चालवून करायचा, आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. मागचे तापलेले पॅड किंवा लायनर डिस्कला किंवा ड्रमला एकाच जागी धरून बसतात आणि पुढे ब्रेक मारताना गाडी थरथरते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा. परतीला निघताना पॅड ४ मिलिमीटरच्या खाली असेल, तर डिकीतला जोड तिथेच चढवायचा आणि गर्दी नसलेल्या रस्त्यावर ब्रेक हलके मारत नवे पॅड डिस्कवर नीट बसू देऊन मगच हायवेला लागायचं.